शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर : कोल्हापूरच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, कोल्हापूर
मा. शिक्षणाधिकारी, प्राथमिक व माध्यमिक, जिल्हा परिषद, कोल्हापूर

विषय : शाळांच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जंक फूडची विक्री व जाहिरात थांबवण्याबाबत.

महोदय,

मी या शहरात क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. नवा कायदा करा, अशी मागणी घेऊन मी आलेली नाही. कायदा झालेला आहे. तो शाळेच्या फाटकाबाहेर दिसत नाही, आणि तो तिथं दिसावा हे तुम्हा तिघांच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तिघांच्या नावे लिहिते आहे.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं सप्टेंबर २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराविषयीचे विनियम अधिसूचित केले. १ जुलै २०२१ पासून ते देशभर लागू आहेत. संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तेवढ्या टापूत त्यांची जाहिरातही करता येत नाही. तसा फलक शाळेनं प्रवेशद्वारावर लावायचा आहे. हा नियम सहजासहजी आलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० साली जनहित याचिका झाली, न्यायालयानं २०१५ मध्ये निर्देश दिले आणि त्यानंतर पाच वर्षांनी विनियम निघाले. याचिका दाखल झाली तेव्हा पहिलीत बसलेलं पोर तोवर दहावी ओलांडून गेलं होतं.

आपल्या राज्यानं तर आधीच पाऊल टाकलं होतं. मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक असले पदार्थ काढून टाकण्याचा शासन निर्णय निघाला. जुलै २०२४ मध्ये, जास्त कॅफिनची एनर्जी ड्रिंक्स शाळा-कॉलेजांच्या ५०० मीटर परिसरात विकू देणार नाही, असं तेव्हाच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं.

आता मधल्या सुट्टीला शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत, कसबा बावड्यात नाहीतर फुलेवाडीत, कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहावं, ही माझी विनंती आहे. दुकानाच्या दाराला पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लावलेल्या असतात, दुसरीतल्या पोराच्या हाताला लागतील इतक्या खाली. बाजूला शीतपेयाच्या कंपनीनं दिलेला फ्रिज, काचेचं दार रस्त्याकडे केलेलं. दुकानाची पाटीही बऱ्याचदा कंपनीनंच रंगवून दिलेली. शाळा सुटायच्या वेळेला मंच्युरियनचा गाडा येऊन लागतो. कोपऱ्यावर एनर्जी ड्रिंकची बाटली मिळते. ते पेय मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी नाही, असं त्या बाटलीवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आठवी-नववीतली पोरं ती मॅचच्या आधी पितात, कारण त्यानं दम टिकतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. थोडी तरतरी वाटत असेल, पण छातीत धडधड वाढते आणि रात्रीची झोप जाते.

पाच आणि दहा रुपयांची किंमत मुलाच्या खिशाकडे बघूनच ठरवलेली आहे. मधल्या काळात दूध वाढलं, शेंगतेल वाढलं, रिक्षाचं भाडं वाढलं; पाचचा पुडा मात्र पाचलाच राहिला, आतला माल तेवढा घटला. घरातून निघताना पोराच्या हातावर टेकवलेलं नाणं थेट कुठं जाईल, याचा हिशोब पुडा बनवणाऱ्यानं आधीच केलेला असतो. त्या हिशोबापुढं नऊ वर्षांच्या मुलानं मनाचा निग्रह दाखवावा, अशी अपेक्षा आपण धरतो. ती धरू नये.

पुड्यात काय असतं ते एकदा मांडते. १०० ग्रॅम बटाट्याच्या चिप्समध्ये साधारण ५३० ते ५५० किलोकॅलरी असतात आणि वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलाचा असतो. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर जास्त बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, लहान मुलाच्या बाबतीत त्याहून कमी. त्या एका बाटलीतच पोराची दिवसाची साखर संपली, आणि सकाळचा चहा, बिस्किटं, वर्गात कुणाच्या वाढदिवसाला वाटलेलं चॉकलेट यात अजून धरलेलंच नाही. सीबीएसईनं मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. त्या परिपत्रकानुसार चार ते दहा वयाच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेतला १३ टक्के आणि अकरा ते अठरा वयाच्या मुलांच्या ऊर्जेतला १५ टक्के वाटा साखरेचा आहे. फलक लावले ते चांगलंच झालं. पण फलक शाळेच्या भिंतीच्या आत आहे आणि फ्रिज भिंतीच्या बाहेर.

माझ्या विषयाचं एक बोलायलाच हवं. "पोरं खेळत नाहीत म्हणून जाड होतात" हे मी पालकांकडून, मुख्याध्यापकांकडून, स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांकडून सतत ऐकत आले. खेळ कमी झाला हे खरं आहे. मैदानावर गाड्या लागतात, मांडव पडतात, हेही खरं आहे. पण चाळीस किलोचं पोर सलग पळत राहिलं तर मिनिटाला पाच-साडेपाच किलोकॅलरी खर्च होतात. कोलाची लहान बाटली उतरवायला त्याला वीस मिनिटं थांबल्याशिवाय पळावं लागेल. पन्नास ग्रॅम चिप्ससाठी पाऊण तासाहून जास्त. शारीरिक शिक्षणाचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. त्यातला काही वेळ हजेरीत आणि रांगा लावण्यात जातो, आणि परीक्षा जवळ आली की तो तासच गणिताला दिला जातो. मैदान हाडांसाठी, हृदयासाठी, मनासाठी हवंच, त्यासाठी मी वेगळी भांडेन. पण मैदानावर गाळलेला घाम त्या पुड्याला पुरा पडत नाही. "आधी मैदानं सुधारा, मग दुकानांकडे बघू" असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

दुसरं म्हणतात ते असं, की कोल्हापूरला खाण्याचं शिकवू नका. हे पैलवानांचं गाव आहे, इथं अंगानं भरलेलं पोर म्हणजे घराची शान. मी याच मातीतली आहे आणि या गोष्टीचा मला अभिमान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं आजही देशभर घेतली जातात. पण तालमीतला खुराक कसा असतो ते आठवा. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण हे सगळं असतं, आणि पहाटेपासून जोर-बैठका, लढती, मातीतली मेहनतही असते. मुख्य म्हणजे पोरानं काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे वस्ताद ठरवतो. पोराच्या ताटावर जबाबदार माणसाची नजर असावी, ही या गावची जुनी रीत आहे. शाळेच्या फाटकाबाहेर ती नजर कुणाची आहे? तिथं पोराच्या तोंडात काय जाईल हे दूरवरची एखादी कंपनी ठरवते, आणि ते आपण चालवून घेतो.

मिसळीचं आणि तांबड्या-पांढऱ्याचं म्हणाल, तर त्याला माझी हरकत नाही. दहा वर्षांचं पोर रोज मधल्या सुट्टीत तांबडा रस्सा ओरपत नाही. पुडा रोज खातं.

आणि "भरलेलं अंग" म्हणजे ताकद, हा समजही आता सोडायला हवा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की आपल्याकडची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कितीतरी हलकी जन्मतात, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते. म्हणजे दिसायला बारीक असलेलं आपलं पोरही आतून सुरक्षित नसतं. म्हणून तर भारतीय प्रौढांसाठी बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ च्या पुढं गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. युरोपात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशात दहा कोटींहून जास्त माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. त्यांतल्या कुणाचाही मधुमेह एका दिवसात आलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधीच्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये जास्त वजनाचं प्रमाण २.१ टक्के होतं, २०१९-२१ च्या फेरीत ते ३.४ टक्क्यांवर गेलं. आकडा लहान वाटेल, पण वाढीचा वेग बघा. याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मुलींच्या आहेत असं कुणी समजू नये. वजन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी, अशा मुली मी माझ्या रांगेत पाहिल्या आहेत. दोन फेऱ्यांत त्यांना धाप लागायची. त्यांचं पोट भरलेलं होतं, पण त्यात लोह नव्हतं, प्रथिनं नव्हती. पुडा भूक मारतो आणि डब्यातली भाकरी-उसळ तशीच घरी जाते. हे नुकसान वजनकाट्यावर दिसतच नाही.

जगभरचंही चित्र फिरलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफनं जाहीर केलं, की शाळकरी वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झालं. त्याच महिन्यात आपल्याकडे जीएसटीचे दर बदलले. गोड शीतपेयांवरचा एकूण कर आधीसारखाच ४० टक्के राहिला, ते योग्यच झालं. पण फरसाण, बिस्किटं, चॉकलेट, इन्स्टंट नूडल्स हे सगळं ५ टक्क्यांत आलं. आधी त्यावर १२ किंवा १८ टक्के होते. म्हणजे पुडा आता आणखी स्वस्त, नाहीतर त्याच किमतीत आणखी मोठा. कराचे दर तुमच्या हातात नाहीत, मला माहीत आहे. म्हणूनच जे तुमच्या हातात आहे त्याचं मोल वाढलं आहे.

बाहेरच्या देशांत हे करून बघितलेलं आहे. चिली या देशानं २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले, अशा पाकिटांवरची कार्टूनं काढायला लावली आणि हे पदार्थ शाळांतून हटवले. पुढच्या दीड वर्षात तिथल्या घरांतली अशा गोड पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी घटली. मेक्सिकोनं २०१४ मध्ये गोड पेयांवर कर लावला आणि २०२५ च्या मार्चपासून शाळांमध्ये जंक फूडची विक्री बंद केली. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत २०१९ पासून अशा पदार्थांच्या जाहिराती नाहीत. लंडनचं उदाहरण मी मुद्दाम देते आहे, कारण आपल्याकडेही महापालिकेची बससेवा, केएमटी, आहे. केएमटीच्या बसगाड्या, थांबे, महापालिकेच्या परवान्यानं उभे असलेले होर्डिंग, ही सगळी जागा आयुक्तसाहेब, तुमच्या अखत्यारीत येते. शाळेच्या ५० मीटरच्या आतलं होर्डिंग तर विनियमानंच बाद ठरतं. तिथं शीतपेयाची, चॉकलेटची, बर्गरची जाहिरात लागत असेल तर ती उतरवायला सभागृहाच्या ठरावाचीही गरज नाही. बसथांब्यांसाठी पुढचा करार करताना एक अट वाढवावी लागेल. त्यानं थोडं उत्पन्न बुडेल, हे मी मान्य करते. ते बुडू द्यावं.

आता फेरीवाल्यांबद्दल. या विषयाचा अवघड भाग इथं आहे आणि तो टाळून चालणार नाही. कारवाई म्हटलं की अतिक्रमणाची गाडी येते, चिंचा-बोरं विकणाऱ्या मावशीची पाटी उचलून नेते आणि कंपनीचा फ्रिज जागचा हलत नाही. असं झालं तर मी या पत्राबद्दल पस्तावेन. शाळेबाहेर आवळे, पेरू, शेंगा, फुटाणे, उकडलेली कणसं विकणारी बाई पोरांचं कुठलंही नुकसान करत नाही. उलट तिला हक्काची जागा मिळायला हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहर फेरीवाला समिती आहे. शाळांच्या आसपासची जागा कुणाला द्यायची हे ठरवताना जी फळं, चुरमुऱ्याची सुकी भेळ, कडधान्यांच्या उसळी, थालीपीठ, राजगिऱ्याचे लाडू विकेल तिला पहिला नंबर द्यावा. बचत गटांच्या बायका हे काम आनंदानं करतील.

तळणाचे गाडे यात मधे येतात. वडा-भज्यांचं तेल पुनःपुन्हा तापवलं जातं, हे आपण सगळे जाणतो. असं तापवल्यानं तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या पुढं गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे आणि ते मोजायची उपकरणं मिळतात. सहायक आयुक्त महोदय, तुमच्या अधिकाऱ्यांनी शाळांजवळच्या गाड्यांपासून ही तपासणी सुरू करावी, पण पहिल्या खेपेला दंड न करता. गाडा चालवणाऱ्याला तेल कधी टाकायचं हे समजावून सांगणारं कुणी भेटलेलंच नसतं. तळलेला वडा आरोग्याला चांगला आहे असं मी म्हणणार नाही, आणि विनियमाच्या कचाट्यातून तो सुटतो असंही नाही. पण क्रम लावायचा झाला तर पहिले जावेत ते एनर्जी ड्रिंक आणि शीतपेयं, मग दारावरच्या पुड्यांच्या माळा, मग जाहिराती. गाड्यांची वेळ त्यानंतर यावी, आणि ती बोलून, पर्याय देऊन यावी.

पेठांमधली अडचणही मला दिसते. शिवाजी पेठेसारख्या दाट वस्तीत शाळेच्या फाटकापासून ५० मीटर म्हणजे अख्खी गल्ली येते. तिथलं किराणा दुकान शाळेच्याही आधीचं असतं आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सगळी गल्ली. त्यानं दुकान बंद करावं असं कुणीच म्हणत नाही. पहिल्या टप्प्यात त्याला इतकंच सांगावं : माळा दारावरून काढा, फ्रिजचं तोंड आत करा, कंपनीची पाटी उतरवा, आणि गणवेशातल्या पोराला हा माल देऊ नका. विनियम याहून कडक आहे आणि सहा महिन्यांत तो पूर्ण पाळला जावा. पण सुरुवात दुकानदाराला सोबत घेऊन झाली तर ती टिकेल. अन्न सुरक्षा कायद्यात सुधारणा नोटिशीची तरतूद आहेच. ती देऊन मुदत द्यावी आणि मुदत संपल्यावर खरंच परत जाऊन बघावं. परत कुणी येत नाही, हे दुकानदाराला आता सवयीनं ठाऊक झालं आहे.

मनुष्यबळ नाही, असं उत्तर येईल. जिल्ह्याच्या पसाऱ्यापुढं अन्न सुरक्षा अधिकारी थोडे आहेत, हे कबूल. पण महापालिकेचे आरोग्य निरीक्षक रोज याच रस्त्यांवरून फिरतात. तंबाखूच्या बाबतीत आपण एक गोष्ट केलेली आहे : शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नको म्हणून तंबाखूमुक्त शाळा मोहिमेत रस्त्यावर पिवळी रेघ मारायची पद्धत आली. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. ती रेघ आखता येते तर ५० मीटरची का येऊ नये? रेघ असली की वाद राहत नाही. दुकान आत आहे की बाहेर, हे सातवीतलं पोरही सांगेल. मोजताना मुख्य फाटकाबरोबर मागचं फाटकही मोजावं, कारण पोरं बऱ्याचदा तिथूनच बाहेर पडतात.

शिक्षणाधिकाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. प्रवेशद्वारावरचा फलक प्रत्येक शाळेनं लावलाय का, याचा अहवाल मागवा, आणि तो फोटोसह मागवा. क्रीडास्पर्धांना शीतपेयांच्या आणि एनर्जी ड्रिंकच्या कंपन्यांचं प्रायोजकत्व घेऊ देऊ नका. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला अख्ख्या पेठा लोटतात, तिथं खेळाडूच्या हातात काय दिसतं तेच पोरं दुसऱ्या दिवशी मागतात. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी केळी, चिक्की किंवा वर्गाला एक पुस्तक देण्याची प्रथा पाडायला तर एक परिपत्रक पुरे.

पोरांच्या हातातून एक वस्तू काढून घेताना दुसरी ठेवावी लागते. इथं मला सगळ्यात जास्त खंत वाटते. कोल्हापूर जिल्ह्यात दुधाची गंगा आहे, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार ग्लासात काढून देतात, १९६३ पासून सहकारी दूध संघ उभा आहे, आणि शाळेबाहेर साधं ताक मिळत नाही. मिळते ती कोला. दूध संघांशी बोलून शाळांच्या आवारात परवडेल अशा दरात साखर न घातलेल्या ताकाची लहान पिशवी आणता येईल. शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा जादा निधी राज्यानं जानेवारी २०२५ मध्ये थांबवला आणि ती गोष्ट लोकसहभागावर सोडली. इथं तालीम मंडळं आणि तरुण मंडळं वर्षभर किती पैसा उभा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकेका मंडळानं आपल्या पेठेतल्या एका शाळेची आठवड्याची अंडी आणि केळी उचलावीत, असं आवाहन आयुक्तांनी स्वतः केलं तर त्याला नाही म्हणणारं मंडळ या गावात सापडणार नाही. मुलाच्या शिक्षणात घराची ऐपत आड येऊ नये म्हणून ज्या संस्थानात १९०१ पासून वसतिगृहं निघाली, तिथं मुलाच्या खाण्याची जबाबदारी समाजानं घेणं नवं नाही.

पालकांना दोष देऊन हा विषय मिटवू नका, एवढी कळकळीची विनंती. गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला पहिल्या पाळीला जाणारी आई पहाटे उठून डबा करते आणि कधी नाही झाला तर पोराच्या हातावर दहा रुपये ठेवते. त्या दहा रुपयांत फाटकाबाहेर काय मिळतं, हे तिच्या हातात नाही.

तुम्ही तिघांनी मिळून एक गोष्ट येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी करावी. महापालिकेच्या स्वतःच्या शाळा आधी घ्याव्यात, म्हणजे दुसऱ्याला सांगण्याआधी आपलं अंगण झाडलेलं असेल. प्रत्येक फाटकापासून ५० मीटर मोजून रेघ आखावी, आतल्या दुकानांची आणि गाड्यांची यादी करावी, त्यांना नोटीस आणि मुदत द्यावी. ती यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवावी आणि दर महिन्याला किती जणांनी नियम पाळला ते तिथंच लिहावं. त्यानंतर खाजगी शाळा, मग इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशी इतर गावं.

मोजणीसाठी माणसं कमी पडत असतील तर आम्ही काही निवृत्त क्रीडाशिक्षक आपापल्या पेठेत यायला तयार आहोत. मैदानं आखण्यात आमचा जन्म गेला आहे, टेप आणि चुना आम्ही घेऊन येऊ. तुमच्या एका निरीक्षकानं सोबत असावं, म्हणजे मोजणीला अधिकृतपणा येईल. कोणत्या वॉर्डापासून आणि कोणत्या तारखेपासून सुरुवात करायची, ते कृपया लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर